दर दहा फुटांना एक ढीग

आमच्या सोसायटीचं बोअर एकशे ऐंशी फुटांपर्यंत कोरडंच गेलं होतं. दर दहा फुटांच्या भुकटीचा एक, असे अठरा ढीग मी ओळीने मांडले होते. थांबायचं की नाही, ते सांगायला भूगर्भशास्त्र शिकलेल्या एक बाई आल्या. उकिडव्या बसून, भुकटी चिमटीत चोळत त्या माझे ढीग एकत्र करू लागल्या. मुरमाचे दोन, काळ्या भुकटीचे नऊ, मग लाल मातीचा एकटाच आणि पुन्हा काळे सहा. अठराचे चार झाले.

"मॅडम, सगळं माप मोडलंत," मी म्हणालो.

"काका, पृथ्वीच्या काळाचेही आम्ही सारखे तुकडे करत नाही. जिथं काही बदललं, तिथं रेघ. काळं म्हणजे लाव्हा. लाल म्हणजे लाव्हा थांबला आणि माती तयार झाली. पाणी असलं तर अशाच रेघेवर. अजून एक लाल थर येऊ द्या."

दोनशे दहा फुटांवर लाल चिखल आला आणि मागोमाग पाणी. तोवर त्या स्कूटरवरून गेल्याही होत्या. नाव विचारायचं राहिलं.

कारखान्यातली माझी सव्वीस वर्षं मला वर्षवार पाठ आहेत. त्या रात्री रेघा मारून पाहिल्या, तर दोनच निघाल्या.