एका गाडीला एक नळी

लग्नसराई आली की पोलिसांना आमच्या जिवाची फार काळजी वाटू लागते. मे महिन्यातल्या त्या दुपारी ती काळजी धुळ्याच्या अलीकडे, एका बंद ढाब्यासमोर बॅरिकेड लावून उभी होती.

मी दोंडाईच्याहून नात्यातलं लग्न उरकून परत येत होते. गाडी मीच चालवत होते. शेजारी माझे सत्तरी ओलांडलेले चुलत सासरे बसले होते. त्यांना सगळं घर आबा म्हणतं. आबांनी मांडवामागे नवरदेवाच्या मामाबरोबर मनसोक्त घेतली होती आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. किल्ली माझ्याकडे होती ती म्हणूनच.

हवालदार थेट आबांच्या खिडकीशी गेला आणि दारू तपासायच्या यंत्राची नळी त्यांच्या तोंडाशी धरली. गाडीत पुरुष आहे, म्हणजे चालक तोच. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे, हा तपशील त्याला किरकोळ वाटला असावा. आबांनी जीव लावून फुंकलं आणि यंत्र वाजलं. हवालदाराने लायसन मागितलं.

आबा शांतपणे म्हणाले, "साहेब, मी पिएल शे. पण गाडी सूनबाई चालाडी ऱ्हायनी."

चूक कबूल करायची पद्धत नसल्यामुळे हवालदार वळसा घालून माझ्याकडे आला आणि तेच यंत्र, त्याच नळीसकट, माझ्यापुढे केलं. मी नवी नळी मागितली. एका गाडीला एकच नळी असते, असा नियम त्याने जागेवरच केला. वर, तपासणी नाकारणं हाही गुन्हा आहे, हे सुनावलं. तपासणीला माझी ना नाही, आबांच्या थुंकीला आहे, असं मी सांगितलं.

छत्रीच्या सावलीतून फौजदार उठून आले. त्यांनी गाडीत डोकं घालून वास घेतला आणि वास येतोय, असं जाहीर केलं. आबा आत बसलेले असताना हा शोध फार कठीण नव्हता. मग त्यांनी मला रस्त्याकडेच्या पांढऱ्या पट्टीवरून सरळ चालून दाखवायला सांगितलं.

नाही म्हणायला हवं होतं. पण आबा उन्हात तापत होते, म्हणून मी चालले. अंगावर जरीची साडी, पायात चावणारी नवी चप्पल. ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. वीसेक पावलांवर चप्पल मुडपली आणि मी अडखळले. हवालदाराने वहीत लिहिलं : तोल जातो.

त्या दोन शब्दांनी मात्र माझं डोकं फिरलं. फौजदारांना म्हटलं, "नवी नळी लावा, यंत्रातला आबांचा वास जाईपर्यंत थांबून मगच तपासा आणि आकड्याची छापील चिठ्ठी द्या. नाहीतर मला सरकारी दवाखान्यात न्या, रक्त द्यायला तयार आहे."

मी काय करते, हे त्यांनी विचारलं.

"कोर्टात टायपिस्ट होते. असली प्रकरणं टाइप करण्यात तीस वर्षं गेली."

जीपमध्ये लगेच नळ्यांचं न फोडलेलं खोकं सापडलं. पंधरा मिनिटांनी मी फुंकलं. शून्य. चिठ्ठीही मिळाली, आणि 'तोल जातो' खोडून फौजदारांनी शेजारी सही केली. माफी मागितली नाही. तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. सावकाश जा, असा सल्ला मात्र दिला.

मी गाडीत बसले. आबांनी पाण्याची बाटली पुढे केली.

किल्ली फिरवणार तोच मागे एक मोटारसायकलवाला अडवलेला दिसला. हवालदार आबांचीच काढलेली नळी यंत्राला परत लावून त्याच्यापुढे धरत होता. मी पुन्हा उतरले आणि म्हणाले, "नवी मागा, भाऊ. तुमचा हक्क आहे."

त्याने माझ्याकडे नाही, हवालदाराकडे पाहिलं. मी तिथेच उभी राहिले. शेवटी फौजदारांनीच वैतागून खोक्याकडे बोट दाखवलं.

नव्या नळीतही आकडा भलताच वर गेला. त्याला त्यांनी जीपमध्ये बसवलं. माझी तक्रार नव्हती. निदान ते पिणं त्याचं स्वतःचं होतं.