घडी न मोडलेली मच्छरदाणी

परवा आशाताईंबरोबर मी सुनंदाच्या घरी गेले. तिला सातवा महिना. पहिल्या तपासणीला उपकेंद्रात मिळालेली औषध लावलेली मच्छरदाणी तिने ट्रंकेतून काढून दाखवली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"बारशाला काढीन. बाळाला नवी नको का?"

चांगलं ते येणाऱ्यासाठी राखायचं आणि आपण जुन्यात भागवायचं, ही आपली रीतच. माझ्याही कपाटात अशा घड्या आहेत.

आशाताईंनी तिचा दंड पाहिला. डासांनी फोडून काढला होता. "तुला मलेरिया झाला तर त्रास बाळालाही होतो, बाई. आत्ता रात्री ते कुठं झोपतं, सांग बघू?"

सुनंदाने पोटाकडे पाहिलं आणि दोरी शोधायला उठली.