भंगार मास्तरांचं संग्रहालय

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी भंगार मास्तरांचं नाव घेतो. पेठ वडगावात त्यांना सगळे याच नावानं ओळखत. शाळेमागच्या दोन खोल्यांत त्यांनी जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडलं होतं: मोटेची चाकं, पाणी वाहायच्या कातडी पखाली, गुऱ्हाळाची फावडी. प्रत्येक वस्तूला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली असे. पण तिच्यावर वस्तूचं नाव कधीच नसे. ती देणाऱ्या माणसाचं असे.

"पखालीला पखाल म्हणत्यात हे शेंबडं पोरगंबी सांगंल," ते म्हणत. "हुसेनभाईचं नाव कोण सांगणार?"

मी आठवीत असताना ते आमच्या घरी आले आणि आईचं खुरपं मागू लागले. आई ओशाळली. "मास्तर, त्येची धार गेलीया. निस्तं लोखांड ऱ्हायलंय." मास्तरांनी तिथंच चिठ्ठी लिहून बांधली आणि तिला वाचून दाखवली. आईला अक्षरओळख नव्हती. मजुरीच्या हजेरीतही तिची नोंद बापाच्या नावानं होई. त्या दिवशी तिनं त्या चिठ्ठीवरून दोनदा बोट फिरवलं. पुढं बापानं मला वीटभट्टीवर घालायचं ठरवलं, तेव्हा मास्तर दारात येऊन ओरडले, "ह्यो शिकणार! तुला जमत न्हाय तर माझ्याकडं ऱ्हाऊ दे की!" कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच भरला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो.

गेल्या वर्षी त्या खोल्या पाडायचं ठरलं. पुण्याहून आम्ही तिघं गाडीनं गोव्याला निघालो होतो. तिघांतल्या एक बाई एका मोठ्या संग्रहालयात नोकरीला. वाटेत वडगावला थांबू, त्यांनी वस्तू बघितल्या तर सगळं वाचेल, अशी माझी आशा होती.

मास्तर खूप थकले होते. मला मात्र लगेच ओळखलं. "सोनाबाईचा न्हवं का? ये की!"

बाईंनी वही उघडली. वस्तूचं नाव आणि उपयोग लिहिल्याशिवाय तिला घेता येत नव्हतं. त्यांनी दोन दातांचं, मध्ये भोक असलेलं एक लाकूड उचललं. "मास्तर, हे काय?"

"त्ये गणपाचं."

"हो, पण याचं करायचं काय?"

मास्तरांनी ते हातात फिरवलं. पुष्कळ वेळ फिरवलं. "गणपाला दोन पोरी. थोरली इचलकरंजीला दिली. लई गोड गळा हुता तिचा."

मग सगळीकडं तेच झालं. माणसं त्यांना घरादारासकट आठवत होती. वस्तू मात्र आठवणीतून साफ पुसल्या गेल्या होत्या. मी इतिहास शिकलेला, पण निम्म्याहून अधिक वस्तू मलाही सांगता येईनात. ओळखू आल्या तेवढ्या नेते, असं बाई हळूच म्हणाल्या.

मास्तर ताडकन उठले. "न्यायची तर समदी न्या! निम्मी मान्सं गाडीत घालायची आन् निम्मी हितं टाकायची, ही कुठली रीत, बाई?"

काहीच न घेता आम्ही निघालो. गोव्याला पोचल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं:

"आदरणीय मास्तर, नमस्कार. बाईंना पुन्हा विचारलं. त्यांचा नाइलाज आहे. आणखी दोन ठिकाणी फोन करून विचारलं, तिथूनही नकार आला. चिठ्ठीवर वस्तूचंही नाव लिहा, हे मी कॉलेजात असतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं. मला कळत होतं. पण आईचं नाव एकटंच शोभून दिसायचं, म्हणून गप्प बसलो. ही चूक माझी. खोल्या आता वाचणार नाहीत. वस्तू ठेवायला माझ्याकडेही जागा नाही; भाड्याची एकच खोली आहे, तीही तिसऱ्या मजल्यावर. पाडायच्या आधी चार दिवस रजा काढून येतो. तुम्ही माणसांचं सांगा, मी लिहून घेईन. ते छापायला कुणी घेईल, असं खोटं सांगत नाही. कुठली वस्तू कशाची, हे मात्र एकदाही विचारणार नाही."