सगुणा कूलरसमोर बसत नाही

"हे जनावर अडाणी हाये, मॅडम," सुखदेव म्हणाला. "फुकटात कूलर भेटला, तरी उन्हात जाऊन बसते."

मे महिन्यातली दुपार. पिंजऱ्याच्या एका टोकाला कूलर सोयाबीनच्या थ्रेशरसारखा घरघरत होता. त्याच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब जाऊन सगुणा दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात, तापलेल्या सिमेंटवर पडली होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं चाललेलं. जाळीला खेटून पब्लिक उभी होती आणि तिला समजावत होती. एक आजोबा तर लेकीला सांगावं तसं सांगत होते, की इकडं ये माय, इकडं गार हाये. सगुणा कोणाचंच ऐकत नव्हती.

सगुणा म्हणजे मादी बिबट. शिकाऱ्यांच्या फाशात अडकून तिचा पुढचा एक पंजा गेला. तीन पायांवर जंगलात पोट भरत नाही, म्हणून ती आमच्याकडं कायमची मुक्कामाला आली. आमच्याकडं म्हणजे एका सार्वजनिक बागेच्या मागच्या अंगाला असलेल्या लहानशा प्राणिसंग्रहालयात. शहराचं नाव सांगत नाही. अकोला समजा नाहीतर अमरावती समजा. ऊन दोन्हीकडं सारखंच आहे, फक्त आमचंच जास्त म्हणून दोन्हीकडचे लोक भांडतात. सुखदेव तिथला कीपर, म्हणजे जनावरांना खायला घालणारा आणि पिंजरे धुणारा. मी तिथली डॉक्टर.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी सगळीकडं सांगते, इथंही सांगते. लेक डॉक्टर होऊन गावातल्या म्हशी तपासेल असं बाबांना वाटलं होतं. मी बिबट तपासते हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हशीचा मालक शेरभर दूध तरी धाडते. बिबट्याचं कोण काय धाडीन?" तरी डिग्रीची फ्रेम त्यांनीच देवाच्या फोटोशेजारी ठोकली.

तर कूलर. तो दिला कादरभाईंनी. कूलरचे मोठे व्यापारी. पत्रा कापण्यापासून पंखा बसवण्यापर्यंत सगळं काम स्वतःच्या कारखान्यात. उन्हाळ्यात त्यांच्या दुकानापुढं अर्धी गल्ली कूलरनं भरलेली असते. कुठंतरी प्राण्यांना कूलर बसवल्याचं त्यांनी पेपरात वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ऑफिसात येऊन उभे राहिले. माणूस मनाचा मोठा. कूलरही मोठा. कपाटाएवढा, निळा, बाजूला ठळक अक्षरांत 'कादरभाई यांच्याकडून सप्रेम भेट'.

आमचे साहेब, वानखडे, हे उद्यान अधीक्षक. त्यांनी कूलर जाळीबाहेर, अगदी पुढं, रस्त्यावरून नाव वाचता येईल असा बसवला. नारळ फुटला. हार घातला, तोही कूलरला. फोटो निघाला. त्यात कूलर होता, कादरभाई होते, साहेब होते, मी होते. सगुणा नव्हती. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगते. मांजराच्या जातीच्या जनावराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची तर ते तोंड उघडून धापा टाकतं. थोडा वेळ चालतं. दुपारभर तोंड मिटलंच नाही, तर समजायचं की इंजिन तापलं. मग जंगलात बिबट्या दुपारी काय करतो? काहीच करत नाही. नाल्याच्या काठच्या कपारीत शिरून पडून राहतो. त्याला वाऱ्याआधी आडोसा लागतो. आपल्याला कोणी पाहत नाही एवढी खात्री झाली, की तो अर्धा थंड होतो.

असा आडोसा आमच्याकडं होता, हीच गंमत आहे. प्रत्येक मोठ्या पिंजऱ्यामागं जाड भिंतींची एक अंधारी खोली बांधलेली असते. तिला नाइट शेल्टर म्हणतात. मधे वर सरकणारं लोखंडी दार. नाव नाइट शेल्टर, म्हणून आमच्याकडं ते रात्रीच उघडायचं. सकाळी पब्लिक यायच्या आधी जनावर बाहेर काढायचं आणि मागं दार पाडायचं. कारण दार उघडं राहिलं, तर जनावर आत जाऊन झोपतं आणि दिसत नाही. ही पद्धत कोणी सुरू केली कोणाला ठाऊक नाही, पण पाठ सगळ्यांना होती.

म्हणजे सगुणेची स्थिती अशी, की समोर पब्लिक, एका बाजूला थ्रेशर आणि मागं बंद दार. उरला कोपरा. तिथं ऊन होतं, पण तिथं निदान पाठ भिंतीला लागत होती.

मी साहेबांकडं गेले. म्हटलं, दिवसाही दार उघडं ठेवू या आणि कूलर बंद करू या.

साहेब मूळचे बागवाले. त्यांचा सगळा जीव गुलाबात. म्हणाले, "मॅडम, लोकं तिकीट काढून येतात. रिकामा पिंजरा पाहाले येतीन काय कोणी? आन् कूलर बंद केला तं कादरभाईले काय सांगू? माही गुलाबं पाहा. उन्हात उभी राह्यतात, एकाची तक्रार नाई."

"साहेब, त्या गुलाबांवर तुम्ही हिरवी नेट बांधली आहे."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. नेट होती. मग त्यांनी चहा मागवला. उत्तर सुचलं नाही की साहेब चहा मागवतात. चहा संपल्यावर म्हणाले, उद्याच्या दिवस पाहा करून, तुमच्या जबाबदारीवर.

दुसऱ्या दिवशी सुखदेवनं दार वर ओढलं. सगुणा एका झपाट्यात आत गेली. तीन पायांवर एवढी चपळ मी तिला कधी पाहिली नव्हती. तासाभरात तिचं तोंड मिटलं. मी खूश.

दुपारी दर्यापूरकडून एक कुटुंब काळीपिवळी जीप भरून आलं. आजी, सुना, लेकरं, जावई. त्यांनी रिकामा पिंजरा पाहिला, कूलर पाहिला, कूलरवरचं नाव वाचलं आणि थेट साहेबांच्या ऑफिसात गेले. जावई पुढं होता. त्याचं म्हणणं एवढंच, की वाघ दाखवा नाहीतर तिकीट वापस करा. मी सांगायला गेले की तो वाघ नाही, बिबट आहे. त्यानं आणखीनच भडका उडाला. म्हणजे वाघ पण नाही, असं म्हणून जावयानं सासूकडं पाहिलं. जावयाचा मान सासुरवाडीसमोर गेला, तर कोणतं प्राणिसंग्रहालय टिकेल? साहेबांनी सुखदेवला आवाज दिला. सगुणेला मांस दाखवून बाहेर आणलं आणि मागं दार पाडलं.

आता सुखदेवनं स्वतःचं डोकं लावलं. तिचं मांस कूलरच्या पुढ्यात टांगलं. म्हणजे खायला येईल, गार लागेल, सवय होईल. शाळेत न येणाऱ्या पोरांना खिचडीनं आणतात, तीच युक्ती. त्याला मनापासून वाटत होतं की तिचं भलं करतोय. शिवाय जाळीबाहेर कूलरचा वारा जिथं सगळ्यात चांगला लागतो, तिथं त्यानं आपली खुर्ची टाकली होती. मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाला, "कोणाच्या तं कामी यावं, मॅडम."

पहिल्या दिवशी संध्याकाळी कूलर बंद झाल्यावर ती आली आणि खाऊन गेली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मांसाकडं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. पाणी प्यायचं एकुलतं भांडं कूलरच्या बाजूलाच होतं, त्यामुळं पाणीही तुटलं. चाटून चाटून तिनं पंजा गेलेला पाय लाल करून ठेवला होता. मनावरचा ताण जनावर असं स्वतःच्या अंगावर काढतं.

इथं माझी हवा गेली. माणूस असतं तर सलाइन लावून मोकळी झाले असते. बिबट्याला सलाइन लावायचं, तर आधी बेशुद्ध करावं लागतं. बेशुद्धीत जनावराला आपलं तापमान सांभाळता येत नाही. या उन्हात, उपाशी पोटी ती झोपली असती, तर उठली असती याची खात्री मी देऊ शकत नव्हते. आणि काहीच केलं नाही, तर आणखी दोन दुपारी ती काढेल असं वाटत नव्हतं. औषध बारा फुटांवर होतं. एक लोखंडी दार. ते वर ओढायला डिग्री लागत नव्हती, साहेबांची मान हलायला हवी होती. आणि साहेबांची मान कादरभाईंच्या कूलरमध्ये अडकली होती.

त्या दुपारी कादरभाईंचाच फोन आला. घरच्यांना कूलर दाखवायला आणतोय म्हणाले. बिबट दाखवायला नाही, कूलर दाखवायला. मी म्हटलं, ऊन उतरायची वाट पाहू नका, आत्ताच या.

ते आले, सोबत त्यांच्या पत्नी, रझियाचाची. मूर्तिजापूरचं माहेर, बोलणं रोखठोक. साहेबही धावत आले. कादरभाईंनी कूलरच्या टाकीपासून माहिती द्यायला सुरुवात केली. गवत कोणतं, मोटर कोणती, पंखा किती मोठा. चाची ऐकत नव्हत्या. त्या कोपऱ्यात पाहत होत्या.

"हे काहून तिकडं बसली?" त्यांनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. बंद दार, आवाज, पब्लिक, उपास. कादरभाईंचा चेहरा उतरला.

"म्हंजे माहा कूलर खराब हाये?"

"कूलर चांगला आहे. जागा चुकली. तो तिच्या सोयीनं नाही, बघणाऱ्यांच्या सोयीनं लावलाय."

कादरभाई कूलरवरचं आपलं नाव बघू लागले. चाची मात्र हसायला लागल्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, मंग यात नवं काय हाये? आमच्या घरी बी असंच हाये. घरातला सगळ्यात मोठा कूलर बैठकीत. पाहुणे आले की म्हंतात, वा कादरभाई, काय हवा हाये. आन् मी तिकडं किचनमध्ये भाकरीसोबत भाजून राहिली."

"अरे, इथं कायले काढतं ते," कादरभाई म्हणाले.

"इथंच काढीन. हे बिचारी बोलू शकत नाई, मले तं जबान हाये."

सुखदेव खुर्चीवरून उठून उभा राहिला. आपल्यालाच बोलतायत असं त्याला वाटलं असावं. साहेब चहा मागवायला वळले, तर कादरभाईंनी त्यांना दंडाला धरून थांबवलं. माणूस दुकानदार होता. अपमान गिळायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यातच त्यानं मार्गही काढला.

"साहेब, याचं तोंड फिरवा."

"कोणाचं?"

"कूलरचं. तिकडं लिंबाखाली न्या, बाकड्यांपाशी. पब्लिकवर हवा सोडा. कोणी म्हणलं का वाघ दिसत नाई, तं म्हणा, बसा दोन मिनिट, गार व्हा, येते ते. आन् बाईचं दार उघडा. माह्या नावानं जनावर मेलं, तं मी हे कूलर कोणाले विकू?"

साहेबांनी अजून एकदा माझ्याकडं पाहिलं. तिकिटाचं काय, हा प्रश्न त्यांच्या तोंडापर्यंत आला होता. चाची म्हणाल्या, "उघडा ना भाऊ. उन्हात उभं करून ठेवलं आमाले." साहेबांची मान हलली.

सुखदेवनं दार ओढलं. सगुणा लगेच उठली नाही. मग ती उठली, भिंतीला अंग घासत, डगमगत आत गेली. आम्ही छतावर गोणपाट टाकून पाणी मारलं. पाण्याचं भांडं आत सरकवलं. साहेबांनी स्वतःहून जुनी हिरवी नेट काढून दिली. ती मी समोरच्या अर्ध्या जाळीवर बांधली. अंधार पडायच्या सुमाराला आतून पाणी पिण्याचा लपलप आवाज आला. कोणत्याही लॅबच्या रिपोर्टपेक्षा तो चांगला होता. दुसऱ्या दिवशी तिनं थोडं खाल्लं, त्याच्या पुढच्या दिवशी सगळं.

कूलर कडुलिंबाखाली गेला. बाकड्यांवर कायम गर्दी. लोक डबे उघडून जेवतात, लेकरं झोपवतात, कूलरवरचं नाव दहादा वाचतात. जाळी लांब राहिल्यानं कोणी ती वाजवत नाही, खडे मारत नाही. ऊन कललं की सगुणा आपणहून बाहेर येते, जाळीजवळच्या ओंडक्यावर बसते आणि बाकड्यांवरच्या पब्लिकला बघते. मग सगळे एकदम उठतात. दिवसभर समोर पडलेल्या बिबट्याला जेवढा भाव नव्हता, तेवढा आता त्या अर्ध्या तासाला आहे. कादरभाईंच्या दुकानातला धंदाही वाढला असं ते म्हणतात. घरच्या बैठकीतला कूलर कुठं गेला ते मी विचारलेलं नाही.

साहेबांकडं तक्रारी अजून येतात. बिबट दिसत नाही अशी एकही नाही. कूलरमध्ये पाणी वेळेवर भरत नाहीत, अशा रोज येतात.

यातून मी शिकले ते एवढंच, की पिंजऱ्यातल्या जनावराला सावली द्यायची असेल, तर आधी पिंजऱ्याबाहेरच्या जनावराची सोय करावी लागते. कॉलेजात हा विषय नव्हता. असता, तर मी त्यात नापास झाले असते.

पलीकडच्या पिंजऱ्यातल्या अस्वलाचं दार अजून दिवसा बंद असतं. साहेब म्हणतात, पाहू. मी सध्या थंड पाण्याची मशीन विकणारा एखादा दानशूर व्यापारी शोधते आहे. कुणाच्या ओळखीत असला, तर कळवा. सोबत त्याच्या बायकोलाही घेऊन या.