वजन वाढलं होतं

मोखाड्याजवळच्या एका आश्रमशाळेत मी सतरा वर्षं वसतिगृहाचा अधीक्षक होतो. तिथल्या एका मुलीबद्दल मी चुकीचं लिहिलं आणि चुकीचं सांगितलं. ते आता दुरुस्त करतो.

ती नववीत होती, सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची. दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर गेले. त्याच सुमारास तिची शेजारच्या गादीवरची मैत्रीण लग्न ठरलं म्हणून शाळा सोडून गेली. मग या मुलीने वेणी घालणं सोडलं. सकाळी उठवलं तरी पडून राहायची. भात बोटांनी ताटाच्या कडेला सारायची. गणिताला फळ्यापाशी बोलावलं की खडू धरून नुसती उभी.

आमच्या भागात मूल सुकलं की एकच गोष्ट सुचते, कुपोषण. त्याने गेलेली मुलं इथे सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून आमचा सगळा भरवसा वजनकाट्यावर. मी तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. रोज एक अंडं जास्त दिलं, ते संपेपर्यंत समोर उभा राहिलो. परिपाठाला सगळ्यांदेखत म्हणालो, "अंडी खाऊनही हिचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखंच." मुलं हसली. तीही थोडी हसली, म्हणून मला बरं वाटलं.

महिन्याने वजन दोन किलो वाढलं. मी नोंदवहीत लिहिलं: प्रकृती सुधारली.

मुलींनी भट्टीवर निरोप धाडला असावा. तिचा बाप आला. व्हरांड्यात उभ्या उभ्या म्हणाला, पोरगी बोलत नाय, थोडे दिवस आमच्यापाशी नेतो, भगताला दाखवतो. अंगारे-उतारे करणारा भगत म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. त्याला वाचता येत नाही हे ठाऊक असूनही मी वही उघडून आकडा दाखवला.

"वजन वाढलंय, बाबा. ही अभ्यास टाळायची नाटकं आहेत."

मुलगी दाराशीच होती. बापाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुम्ही सांगाल तसं, सर, म्हणाला आणि एकटाच परत गेला.

भगत निदान तिच्यासमोर बसला असता. काय होतंय ते विचारलं असतं.

वार्षिक परीक्षेत तिने कोरे पेपर दिले. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, अभ्यासात रस नाही. तसाच शेरा पडला. मग ती भट्टीवर गेली.

निवृत्तीच्या आधी आम्हा अधीक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. या वयातलं नैराश्य कसं दिसतं, ते एक डॉक्टरबाई सांगत होत्या. मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होतो. मध्येच लक्षात आलं, मी त्याच मुलीचं वर्णन लिहितोय. नंतर चहा आला. मी दोन बिस्किटं खाल्ली. काही वाटलं नाही. अजूनही फारसं वाटत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

यंदा मोखाड्याच्या बाजारात तिचा बाप भेटला. त्याच्या पाड्याकडे जाणारी जीप भरायची होती, म्हणून दोघं टपरीपाशी थांबलो. मुलगी घरीच असते, म्हणाला. सांगितलेलं काम करते, पण दिवस दिवस बोलत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. तो आजार होता, नाटक नव्हतं. तुम्ही न्यायला आलात ते बरोबर होतं, मी नको म्हणायला नको होतं. यावर औषध आहे, सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहेत, मी सोबत येतो.

त्याने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला.

"मला काय सांगता, सर? तिला इचारा. तवा इचारला नव्हता."

मी त्याच्यासोबत त्याच जीपमध्ये बसलो. पाड्यावर पोचलो तेव्हा ती अंगणात नागली पाखडत होती. मला ओळखलं, पदर सावरला. मी खाली बसलो आणि विचारलं, तुला काय होतंय?

तिचं सूप थांबलं. परतीची जीप भरत होती, चालकाने दोनदा हॉर्न दिला. मी उठलो नाही.