रिकामी परतलेली जीप

सुपडूभाऊ गेल्याचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी पलीकडच्या माणसाचं नाव विचारलं, फोन ठेवला आणि अमळनेरला त्यांच्या शेजाऱ्यांकडे उलट फोन लावून बातमी खरी असल्याची खात्री करून घेतली. ऐकणाऱ्याला हे निर्दयपणाचं वाटेल. समोर बसलेल्या लिपिकाला तर वाटलंच, त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण फोनवर आलेल्या निरोपावर विश्वास ठेवायचा नाही, आपण उलट फोन करायचा आणि मगच हलायचं, हे मला सुपडूभाऊंनीच शिकवलेलं. शेजारच्या बाईंनी "हो, पहाटेच गेले" असं म्हटल्यावर मी खुर्चीत बसलो आणि मग मला रडू आलं.

सुपडू भिला महाजन. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अधीक्षक. वडील अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत कामाला, आणि हे पदवी घेऊन कचेरीत चिकटलेले. रोज पॅसेंजरने अमळनेरहून जळगावला यायचे आणि शेंगदाणे विकत घेतले तरी वरचे दोन-चार दाणे सोलून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मी धुळ्याचा, त्यांच्याहून थोडा लहान. आम्हा दोघांना बांधून ठेवलं ते एका दरवाजाने. प्रश्नपत्रिकांची गोपनीय खोली होती, तिला दोन कुलपं. एकाची किल्ली त्यांच्याकडे, दुसऱ्याची माझ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. मी गमतीने म्हणायचो, "भाऊ, आपलं लग्नच लागलंय म्हणा की." त्यावर ते माझ्याकडे असं बघायचे की ही गंमत मी कशासाठी केली असावी, याचा त्यांना शोध घ्यायचा आहे.

विद्यापीठ तेव्हा नवीन होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलेलं, इमारती अर्ध्या उभ्या, माणसं सगळी दुसरीकडून आलेली आणि कोण कोणाचं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. अशात एके दिवशी सूचना फलकावर कागद लागला. कर्मचाऱ्यांसाठी नेतृत्व विकास कार्यक्रम, तीन आठवडे, धुळ्याच्या एका कॉलेजात, राहण्याजेवणासकट. खाली निवड झालेल्यांची नावं. कँटीनमध्ये दिवसभर दुसरा विषय नव्हता. लेखा विभागातला म्हणाला, ज्यांना काढायचंय त्यांना पाठवताहेत. आस्थापनातला म्हणाला, ज्यांना वर घ्यायचंय त्यांना. दुसरा अंदाज खरा असायची शक्यता जास्त होती, कारण सहायक कुलसचिवाची एक जागा लवकरच भरायची होती. मला आनंद झाला होता, आणि तो मी लपवलाही नाही. सुपडूभाऊ मात्र फलकापुढे बराच वेळ उभे राहिले, पुन्हा चष्मा पुसून उभे राहिले, आणि मग मला बाजूला घेऊन त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "बाकीना विभागमातून एकएक मानूस. आपलामातूनच दोन. दोन्ही कुलुपस्ना मानसे एकदमच कसाले धाडी राहिनात?"

मी हसलो. म्हटलं, आपण दोघं हुशार आहोत म्हणून. ते म्हणाले, "एक ते हुशार नही," आणि पुढे कोण ते सांगितलं नाही.

त्या वेळी हिवाळी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापून आल्या होत्या. पाकिटांवर लाखेची मोहोर करून ती खोलीत रचली होती आणि परीक्षा सुरू होईपर्यंत दार उघडायचं काहीच कारण नव्हतं. आमच्या हुकमात लिहिलेलं, कार्यभार सोपवून प्रशिक्षणास रुजू व्हावं. मी माझी किल्ली ज्यांचं नाव दिलं होतं त्यांच्या हवाली केली, पोच घेतली आणि मोकळा झालो. यात माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. सुपडूभाऊंनी टेबल सोपवलं, कपाटं सोपवली, मोहोरा सोपवल्या, आणि माझ्याबरोबर सकाळच्या एसटीने धुळ्याला निघाले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा चहा पिताना त्यांनी शर्ट किंचित वर करून मला दाखवलं. किल्ली करदोड्याला बांधलेली. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, भाऊ, हुकूम आहे. ते म्हणाले, "हुकूममा कार्यभार लिखेल शे. किल्ली कोठे लिखेल शे?"

धुळ्यात आमची छान बडदास्त होती, आणि सुपडूभाऊंना नेमकं तेच खटकत होतं. पहिल्याच सकाळी ताटात शिरा आला तर यांनी वाढणाऱ्यालाच विचारलं, "फुकटना शिरा कोन देस रे?" तो बिचारा कंत्राटदाराचं नाव सांगून पळाला. प्रशिक्षक पुण्याचे, गोड बोलणारे. ते म्हणायचे, नेता म्हणजे विश्वास. आपलं काम दुसऱ्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवतो तो नेता. सुपडूभाऊ पहिल्या रांगेत बसून सगळं मन लावून ऐकत, आणि मध्यंतरात मला विचारत की हा माणूस स्वतःची सुटकेस बरोबर वर्गात का आणतो. एकदा मैदानावर खेळ झाला. एकाने डोळ्यांना रुमाल बांधायचा आणि दुसऱ्याने नुसतं तोंडाने सांगत त्याला खुर्च्यांच्या मधून न्यायचं. मी सांगत होतो, ते चालत होते. एकाही खुर्चीला पाय लागला नाही. प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणाले, बघा, जोडीदारावर असा विश्वास हवा. माझाही ऊर भरून आला. खोलीवर आल्यावर ते म्हणाले, "रुमालना खालतून बठ्ठं दखाये. रुमाल मीच ढिला बांधेल व्हता."

पण या माणसाला ती सहायक कुलसचिवाची जागा हवी होती, हे इथे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं विनोदी वाटेल. एका संध्याकाळी पांझरा नदीच्या काठाने फिरताना त्यांनी मला ते सांगितलं. वडील हयात होते, गिरणी सुटून घरी बसले होते. त्यांना एकदा जळगावला आणून, दारावर आपल्या नावाची पाटी आहे अशा खोलीत खुर्चीवर बसवायचं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज वेगळा होता. मला ती जागा माझ्यासाठीही हवी होती, आणि ते त्यांना माहीत होतं. मग जेवणाची वेळ झाली म्हणून आम्ही परत फिरलो.

मग पहिला आठवडा संपत आला असताना, काम सोपवण्यावरचंच व्याख्यान चालू होतं आणि कॉलेजच्या आवारात विद्यापीठाची जीप आली. आमचे उपकुलसचिव निंबाळकर साहेब स्वतः उतरले. साताऱ्याकडचे, रुबाबदार, कधी आवाज न चढवणारे. आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. म्हणाले, "महाजन, तुमची किल्ली तुमच्याकडेच राहिली वाटतं. गोपनीय खोलीत ठेवायला नवीन लोखंडी कपाट आलंय, व्हरांड्यात पडून आहे. किल्ली द्या, काम झालं की पाठवून देतो."

सुपडूभाऊ साहेबांशी शुद्ध बोलत. म्हणाले, "साहेब, मीच येतो ना. जीप आहेच. कपाट माझ्यासमोर आत ठेवू, कुलूप लावू, मी रात्रीच्या एसटीने परत येईन."

"तुमचं प्रशिक्षण बुडेल."

"एक दिवस बुडालं तर चालेल, साहेब."

निंबाळकर साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मला आजतागायत कळलेलं नाही की त्या बघण्यात काय होतं… मी काही बोलावं अशी अपेक्षा होती, की मी काही बोलू नये अशी. मी गप्पच होतो. शेवटी साहेब म्हणाले, "राहू द्या, महाजन," आणि चहासुद्धा न घेता जीपमध्ये बसले. वर्गाच्या खिडकीतून प्रशिक्षक सगळं बघत होते. जीप फाटकाबाहेर गेली, धूळ खाली बसली, तरी सुपडूभाऊ तिथेच उभे.

"मधू, जीपमा जागा व्हती ना?"

"होती."

"मंग?"

याचं एक उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी त्यांना पुढे कितीतरी वेळा ऐकवलं. अधिकारी माणूस एवढ्या लांब आला, हाताखालच्या माणसाने त्याला जवळपास चोर ठरवलं, तर तो चिडणारच. चिडलेला माणूस जीपमध्ये कोणाला घेत नाही. शिवाय जळगावला परतल्यावर आम्ही बघितलं, हिरवं लोखंडी कपाट खरोखरच व्हरांड्यात होतं, त्यावर धूळही बसलेली होती. सुपडूभाऊ म्हणायचे, कपाट खरं आहे म्हणून कारण खरं होत नाही. परीक्षा नीट पार पडली, पाकिटांच्या मोहोरा जशाच्या तशा निघाल्या. त्यामुळे त्यांचा संशय खरा होता की खोटा, हे कळायची सोयच राहिली नाही. त्यांनी काही वाचवलं असेल तर ते कोणाला दिसलं नाही, आणि वाचवण्यासारखं काही नव्हतंच असंही असू शकेल.

एवढं मात्र सगळ्यांना दिसलं, की प्रशिक्षकांनी त्यांच्याविषयी चांगलं मत दिलं नाही. हा माणूस कोणावर विश्वास टाकू शकत नाही, असं वर कळवलं गेलं आणि ते मुलाखतीच्या वेळी त्यांना तोंडावर ऐकवलंही गेलं. जागा मला मिळाली. पाटी माझ्या नावाची लागली. त्या सकाळी सुपडूभाऊ सगळ्यांच्या आधी माझ्या खोलीत आले, पेढा तोंडात घातला आणि म्हणाले, "मधूसाहेब." तेव्हापासून चारचौघांत ते मला साहेबच म्हणत. मला ते टोचायचं आणि ते टोचतं हे त्यांना माहीत होतं. त्यांचे वडील पुढच्याच वर्षी गेले. मी अमळनेरला गेलो तेव्हा आम्ही दोघांनी पाटीचा विषय काढला नाही.

इतकी वर्षं मनात एक प्रश्न होता. ज्या दिवशी मी निमूटपणे किल्ली देऊन टाकली, त्या दिवसापासून त्यांना माझाही संशय आला असेल का? मला ती जागा हवी होती, जीप आली तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बघितलं होतं, आणि मी गप्प होतो. त्यांच्यासारख्या माणसाला एवढं पुरेसं होतं. छातीचं दुखणं वाढून ते घरी होते तेव्हा, या उन्हाळ्यात, मी त्यांना भेटायला गेलो. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा ठेवायला आत गेल्या आणि मी विचारून टाकलं, "भाऊ, तुमचा माझ्यावरही संशय होता का?"

"व्हता," ते म्हणाले. जराही अडखळले नाहीत.

"आणि आता?"

"आते बी शे." हसता हसता त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "तुले राग उना का?"

"आला."

"मंग ठीक शे. राग नही येता ते संशय आखो वाढता."

मी खरोखरच रागावलो होतो. परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र इतकं हलकं वाटलं की मलाच नवल वाटलं. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

गेल्या आठवड्यात विद्यापीठात शोकसभा झाली. निंबाळकर साहेब आता दुसऱ्या विद्यापीठात मोठ्या पदावर आहेत, तरी एवढ्या लांबून आले. तेच सगळ्यात जास्त वेळ बोलले, चांगलं बोलले. महाजनांचा माझ्यावर आणि माझा महाजनांवर पूर्ण विश्वास होता, असंही म्हणाले. सभा संपल्यावर व्हरांड्यात चहा घेताना ते माझ्याजवळ आले. इकडचं तिकडचं विचारलं. मग कपाकडे बघत म्हणाले, "शेवटी शेवटी तुम्ही भेटला होता म्हणे. काही बोलले का महाजन? म्हणजे… जुन्या गोष्टी वगैरे?"

"कुठल्या, साहेब?"

"काही नाही, सहज." एक घोट घेऊन त्यांनी पुन्हा विचारलं, "काहीच नाही बोलले?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

साहेबांनी मान हलवली, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीकडे निघाले. असेल, सहजच विचारलं असेल. मी पायऱ्या उतरलो, रिक्षाला हात केला आणि स्टेशनावर घे म्हणालो. कधी एकदा पोहोचतो असं झालं होतं. वाटेत रिक्षावाल्याने विचारलं, कुठली गाडी पकडायची आहे. मी म्हणालो, अमळनेरची, भाऊंना एक गोष्ट सांगायची आहे… आणि मग त्याला रिक्षा बाजूला घ्यायला सांगितली.