छप्पर नसलेल्या घरातला पाहुणचार

शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण कतार कधीच शिकवला नाही. भिंतीवरच्या नकाशात सौदी अरेबिया दाखवताना हा देश माझ्या बोटाखाली झाकला जायचा. पुढे माझा मुलगा मंदार नेमका त्या बोटाखालच्या जागेत नोकरीला गेला आणि त्याची मुलगी इरा दोह्यात जन्मली. यंदा त्याचं कंत्राट संपलं, बिऱ्हाड पुण्याला हलवायचं ठरलं, म्हणून मी आवराआवरीला गेले होते. भांडीकुंडी आवरता येतात. अकरा वर्षांच्या इराला कसं आवरायचं ते कुणालाच कळत नव्हतं. "आय अ‍ॅम नॉट फ्रॉम पुणे," एवढंच ती म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. माझा जीव तुटायचा.

शेवटी सूनबाई केतकी म्हणाली, "आई, तुम्ही आणि मंदार तिला घेऊन दिवसभर कुठेतरी जाऊन या. मी तेवढ्यात खोकी भरते."

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोह्याच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटमधून उत्तरेला निघालो. अल शमाल हा तिथला किनाऱ्यावरचा जिल्हा. शमाल म्हणजे उत्तर. हा देश अंगठ्यासारखा आहे म्हणतात, तर शमाल म्हणजे त्या अंगठ्याचं नख. उम्म सलाल मोहम्मद हे गाव मागे पडलं, शेतांच्या भिंती आणि खजुरी दिसल्या, मग त्याही विरळ झाल्या. डोंगर नाही, नदी नाही, साधा चढसुद्धा नाही. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या मला एवढ्या सपाटीवर उघड्यावर पडल्यासारखं वाटलं.

झुबाराला थांबलो. कधीकाळी मोत्यांच्या व्यापारावर गबर झालेलं हे बंदर. आता एक देखणा किल्ला आहे, आणि वाळूत जुन्या घरांचे पाये.

"इरा, बंदर कुठे वसतं सांग बघू?" मी सुरू केलं.

"आजी, इट्स अ हॉलिडे!"

मास्तरिणीने पुस्तक मिटलं.

लोकसंख्येचा धडा रुवैस बंदराच्या धक्क्यावर मिळाला. तारेचे घुमटाएवढाले पिंजरे (यातच तिथे मासे पकडतात) दुरुस्त करत काही कोळी बसले होते. एक तमिळनाडूचा, दोघे बांगलादेशचे, आणि त्यांना करक (दाट दुधाचा कडक चहा) आणून देणारा केरळचा. त्यांनी आम्हालाही चहा दिला. मी विचारलं, "यहाँ का कौन है?"

तमिळ कोळी मनापासून हसला. "इधर का? सब बाहर का, अम्मा. मैं बीस साल से बाहर का!"

सगळे हसले. इरा हसली नाही. कपातल्या चहाकडे बघत राहिली.

तिथून जवळच एक ओसाड गाव आहे. समुद्राकाठी पडक्या भिंती आणि मधे मशिदीचा एकटा मनोरा. ओहोटी लागली होती. पाणी इतकं मागे गेलं होतं की समुद्र रजेवर गेल्यासारखा वाटत होता. मंदार गाडी पुढे घ्यायला कचरत होता. "टणक आहे जमीन, घे पुढे," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला! ती सबखा (वरून कडक, आतून चिखल अशी खारी जमीन) निघाली. पापुद्रा फुटला आणि चाकं गाळात बसली.

"आई, भूगोल!" मंदार कपाळाला हात लावून म्हणाला.

पडक्या भिंतींआडून पांढऱ्या पायघोळ थोबमधले एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, दाढी पिकलेली. रुतलेलं चाक बघून म्हणाले, "खलास!" मग म्हणाले, "यल्ला (चला), पहले खाना. गाडी किधर नहीं जाएगी." त्यांचं नाव अबू राशिद. वडील मुंबईशी व्यापार करायचे, म्हणून लहानपणापासून हिंदी यायची.

त्यांच्यामागून आम्ही एका पडक्या घराशी आलो. छप्पर नाही, दार नाही, खाली वाळू. मी सरळ आत पाऊल टाकलं, तर इराने माझी ओढणी खेचली. "आजी, चप्पल!"

दार नसलेल्या त्या दाराबाहेर सपातांचे दोन जोड ओळीने ठेवलेले होते. अबू राशिदही सपाता काढून अनवाणी आत गेले. उंबऱ्याआत चप्पल दिसली की घर डोक्यावर घेणारी मी! मला ओशाळल्यासारखं झालं.

"ये मजलिस," त्यांनी दाखवलं. मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठक. "उधर अम्मी का किचन." तिथे काटेरी झुडूप वाढलं होतं. चटईवर त्यांचे दोन मुलगे मचबूस (मसाल्याचा भात, वर अख्खा मासा) वाढत होते. पानात टाकायचं नाही या आपल्या शिस्तीने मी ताटली स्वच्छ केली, की ती पुन्हा भरायची. रिकामी ताटली म्हणजे पाहुणा उपाशी, अशी त्यांची रीत. तिसऱ्यांदा भरल्यावर मंदारने पुटपुटत सांगितलं, "आई, थोडा ठेव, नाहीतर सुटका नाही."

इराने एकदम विचारलं, "अंकल, आप यहाँ से हो? पर यहाँ तो कोई नहीं रहता."

"इधर पैदा हुआ," ते म्हणाले. "कुएँ का पानी खारा हो गया, काम शहर में था. बाबा सबको ले गए. मैं तुम्हारे जितना था. बहुत रोया."

"फिर?"

"फिर उधर स्कूल, दोस्त, शादी, सब हुआ. अच्छा हुआ. लेकिन इधर आता हूँ तो जूता बाहर. घर है ना."

इराने ताटली पुढे ओढली. आपल्या हाताने आणखी भात वाढून घेतला.

जेवणानंतर त्यांच्या मुलांनी आपल्या जीपला दोर लावून गाडी ओढून काढली. मी हात जोडून शुक्रन (धन्यवाद) म्हणाले. या भूमीने माझ्या मुलाला भाकरी दिली, नातीला पहिला श्वास दिला, आणि मी बोट उचलून त्या देशाकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. परतताना इरा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी मनातल्या मनात त्या वाटेला नमस्कार केला.

निघायचा दिवस आला. सामान गेलं होतं, भिंती उघड्या पडल्या होत्या. नातूरला (इमारतीच्या राखणदाराला) किल्ली द्यायची तेवढी बाकी होती. आम्ही लिफ्टपाशी पोचलो आणि इरा मागे वळली. दारात बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"इरा, बूट कशाला काढतेस?" मंदार म्हणाला. "आत काही नाही आता. यल्ला, टॅक्सी आली खाली."

"घर आहे ना, बाबा," ती म्हणाली. मराठीत.

मंदार दारापर्यंत मागे आला. मग त्याने हातातली बॅग खाली ठेवली आणि वाकला. टॅक्सी खाली थांबून राहिली, आणि त्या रिकाम्या घराच्या दाराबाहेर आमचे चार जोड ओळीने लागले.